प्रकाश-सापळ्याने खेकड्यांचे डिंभ मोजणे: कोल्हापूरहून कोकण किनाऱ्यावर जाणाऱ्या गटांसाठी

समुद्रातला खेकडा अंड्यातून बाहेर पडतो तेव्हा तो खेकड्यासारखा मुळीच दिसत नाही. पाठीवर आणि तोंडापुढे काटे असलेला, मोठ्या डोळ्यांचा, जेमतेम मिलिमीटरभर लांबीचा तो जीव, म्हणजेच खेकड्याचा डिंभ, काही आठवडे प्रवाहाबरोबर तरंगत राहतो, कात टाकत टाकत वाढतो आणि त्यातले फारच थोडे जीव पुन्हा किनाऱ्याला लागतात. खाडीतल्या मोठ्या कुर्लीची एक मादी एका वेळी दहा लाखांच्या वर अंडी पोटाखाली वागवते. परंतु त्या वर्षी खाडीत किती नव्या कुर्ल्या रुजतील हे अंड्यांच्या संख्येवरून कळत नाही, ते किनाऱ्याकडे परतणाऱ्या डिंभांच्या संख्येवरून कळते. हे परतणारे डिंभ रात्रीच्या दिव्याकडे ओढले जातात, आणि याच सवयीचा उपयोग करून त्यांची मोजदाद करण्याचे साधन म्हणजे प्रकाश-सापळा.

या पद्धतीचा सर्वांत गाजलेला उपयोग अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर झालेला आहे. ओरेगन राज्यातील कूस बे येथे 1997 पासून डंजनेस खेकड्याचे डिंभ प्रकाश-सापळ्याने मोजले जाऊ लागले. वर्षावर्षातला फरक काही हजारांपासून दहा लाखांच्या पलीकडे जातो असे तेथे दिसले, आणि डिंभांच्या वार्षिक संख्येचा सुमारे चार वर्षांनंतरच्या व्यापारी पकडीशी संबंध लावता आला, कारण त्या थंड पाण्यात नर खेकडा पकडण्याजोगा होण्यास साधारण तेवढा काळ लागतो. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात हाकाई इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेने हेच काम स्थानिक स्वयंसेवकांच्या हाती दिले आहे. सापळा घरगुती वस्तूंतून बनतो आणि मोजणीसाठी भिंग व पांढरी थाळी पुरते. त्यामुळे महाविद्यालयाचा प्राणिशास्त्र विभाग किंवा एखादा निसर्गमित्रांचा गट हे काम आपल्याकडेही करू शकेल.

कोल्हापूरहून समुद्र लांब आहे, हे खरे. आंबा घाटाने रत्नागिरी सुमारे 130 किलोमीटर पडते. विजयदुर्ग आणि देवगडकडे जायचे तर गगनबावड्यावरून किंवा फोंडा घाटाने उतरावे लागते. या अंतरामुळे कामाची वाटणी आपोआप ठरते. सापळा बांधणे, तपासणे, नमुने ओळखणे आणि नोंदी सांभाळणे हे कोल्हापुरात होऊ शकते. सापळा ठरलेल्या रात्री पाण्यात सोडणे आणि सकाळी काढणे हे मात्र किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसानेच करायला हवे. शनिवार-रविवारी घाट उतरून जाणाऱ्या गटाने केवळ आपल्या सोयीच्या रात्री मोजल्या, तर हाती सहलींची नोंद लागेल, निरीक्षण लागणार नाही. म्हणून जेटीजवळ राहणारा एखादा मच्छीमार, शिक्षक किंवा बारावीतला विद्यार्थी सोबतीला मिळाल्याशिवाय सापळ्यासाठी बाटली कापायलाही घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नेमके काय मोजायचे

डिंभाच्या दोन मुख्य अवस्था लक्षात ठेवाव्यात. पहिली झोइया. हिचे अनेक टप्पे असतात: खाडीतल्या मोठ्या कुर्लीत, म्हणजे स्कायला सेराटात, पाच आणि निळ्या समुद्री खेकड्यात, म्हणजे पोर्ट्युनस पेलॅजिकसमध्ये, चार. झोइया काट्यांच्या आधाराने तरंगते आणि कोलांट्या घेतल्यासारखी उड्या मारीत पोहते. शेवटच्या झोइयेने कात टाकली की मेगालोपा तयार होतो. त्याला नांग्या असतात, डोळे देठांवर असतात, पाय खेकड्याचे असतात. परंतु पोट अजून छातीखाली दुमडलेले नसून कोळंबीसारखे मागे पसरलेले असते आणि त्याखालच्या पोहण्याच्या पायांनी तो सरळ रेषेत झपाट्याने जातो. कुर्लीचा मेगालोपा तीन-चार मिलिमीटर लांबीचा असतो. चिखलावरच्या लहान खेकड्यांचा त्याच्या निम्म्याहूनही लहान असू शकतो.

आपण मोजायचा तो मेगालोपा. झोइया सापळ्यात येते, पण ती इतकी लहान असते की अर्ध्या मिलिमीटरच्या जाळीतून बरीचशी निसटते. शिवाय तिच्यापैकी किती जगणार याचा भरवसा नसतो. मेगालोपा मात्र किनारा गाठलेला असतो. रात्रीच्या भरतीला तो पाण्यात वर येतो, भरतीबरोबर खाडीत शिरतो आणि ओहोटी लागली की तळाशी जाऊन थांबतो. पुढे वेळा ठरवताना ही गोष्ट कामी येईल.

सापळा बांधणे

मुख्य अंग म्हणजे वीस लिटरचा पिण्याच्या पाण्याचा जार. तो निळ्या छटेचा नको, पूर्ण पारदर्शक हवा. जार उलटा धरावा, म्हणजे त्याचे तोंड खाली येईल. मधल्या उंचीवर चारही बाजूंना मिळून सहा किंवा आठ भोके पाडावीत आणि प्रत्येकात थंड पेयाच्या एक लिटर बाटलीचा वरचा, निमुळता भाग अशा रीतीने बसवावा की रुंद बाजू बाहेर आणि बाटलीची मान आत राहील. दिव्याकडे येणारा डिंभ रुंद बाजूने आत घसरतो आणि मधोमध उघडणारी अरुंद वाट परत सापडत नसल्याने आतच फिरत राहतो. ही नरसाळी तळाच्या फार जवळ बसवू नयेत. सापळा वर ओढताना पाणी त्यांतून बाहेर पडते आणि पकड त्याबरोबर निघून जाते. भोके पाडण्यासाठी होल-सॉ, म्हणजे ड्रिलला लावायची गोल करवत, वापरावा, तापवलेल्या सळईने पाडलेल्या भोकाच्या कडा उंचसखल होतात. घरी जमत नसेल तर शिवाजी उद्यमनगरातल्या कोणत्याही लहान वर्कशॉपमध्ये हे काम सहज होते. जोडावर केबल टाय आणि सिलिकॉन दोन्ही लावावे, केवळ सिलिकॉनवर विसंबू नये.

जाराच्या तोंडाला, म्हणजे आता सर्वांत खाली, पीव्हीसीचा आट्यांचा जोड बसवून त्याला रुंद तोंडाची अर्ध्या लिटरची बरणी फिरवून लावता येईल अशी सोय करावी. या बरणीच्या बाजूला दोन खिडक्या कापून त्यांवर 500 मायक्रॉनची, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरची, नायलॉन जाळी चिकटवावी. सापळा उचलला की पाणी खिडक्यांतून गळते आणि पकड बरणीत गोळा होते. पाण्यातल्या भागासाठी धातूची जाळी वापरू नये, ती काही आठवड्यांत गंजते. मात्र सकाळी पकड धुण्यासाठी कोल्हापूरकरांच्या हाताशी एक उत्तम वस्तू आहे: फाउंड्रीत वाळूचा कण तपासण्यासाठी वापरतात ती प्रमाणित चाळणी. तिच्या कडेवरच मायक्रॉनचा आकडा कोरलेला असतो. 500 चा आकडा असलेली एक चाळणी मिळवावी आणि वापरल्यावर दर वेळी गोड्या पाण्याने धुवावी.

दिव्यासाठी बारा व्होल्टची पांढरी एलईडी पट्टी घ्यावी आणि ती दोन्ही टोके पक्की बंद केलेल्या पारदर्शक ॲक्रिलिक नळीत घालून जाराच्या मध्यावर उभी बसवावी. येथे थोडे गणित आवश्यक आहे. बाजारात मिळणारी साधी पट्टी मीटरला 4.8 वॅटची असते. तिचा अर्धा मीटर तुकडा 2.4 वॅट, म्हणजे बारा व्होल्टवर 0.2 अँपिअर प्रवाह घेतो. रात्री नऊ तास दिवा चालला तर 1.8 अँपिअर-तास खर्च होतात. सात अँपिअर-तासांची बंद लेड-ॲसिड बॅटरी घेतली तर एका रात्रीत तिचा चौथा हिस्सा संपतो आणि दुसऱ्या रात्रीनंतर ती भरून घ्यावी लागते. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून खाली उतरवत राहिल्यास तिचे आयुष्य झपाट्याने कमी होते. म्हणून ‘अजून दिवा लागतोय’ असे म्हणून तिसरी रात्र ओढू नये. उतरलेल्या बॅटरीवर दिवा मंदही होतो, आणि मंद दिव्याची रात्र इतर रात्रींशी ताडून पाहता येत नाही. पट्टी कापताना दर तीन दिव्यांनंतर छापलेल्या खुणेवरच कापावी.

बॅटरी आणि टायमर झाकणाच्या डब्यात जेटीवर ठेवावेत आणि केवळ वायर खाली सोडावी. बॅटरी बदलताना काही टायमरांचे घड्याळ शून्यावर जाते, त्यामुळे प्रत्येक बदलानंतर वेळ तपासणे ही सवयच लावून घ्यावी. दिव्याच्या रंगावर पुष्कळ चर्चा करता येते. खाडीच्या गढूळ, पिवळसर पाण्यात हिरवा प्रकाश पांढऱ्यातल्या तांबड्या-निळ्या भागांपेक्षा दूर पोहोचतो हे खरे आहे. तरीही मी पांढराच सुचवतो, कारण तो कोठेही मिळतो आणि पट्टी बिघडली तर तशीच दुसरी लावता येते. रंग कोणताही घ्या, हंगामाच्या मध्यात तो बदलू नका. पट्टीचा तोच तुकडा, तीच लांबी, तीच बनावट राहिली पाहिजे. एकदम पुरेशी पट्टी विकत घेऊन ठेवणे यासाठीच चांगले.

बांधून झालेला सापळा थेट समुद्रावर नेऊ नये. आधी एक-दोन रात्री शेतातल्या विहिरीत सोडून पाहावा. नळीत पाणी शिरते का, टायमर वेळेवर लागतो का, दोरी कोठे घासते, हे सर्व तेथेच कळते, आणि सकाळी बरणीत पाणपिसवा, पाणकिडे व डासांच्या अळ्या मिळाल्या म्हणजे नरसाळी काम करतात याचीही खात्री पटते. विहिरीत, कळंबा तलावात किंवा पंचगंगेत खेकड्याचा डिंभ मात्र कधीच सापडणार नाही. सह्याद्रीतल्या आणि आपल्या नद्यांतल्या गोड्या पाण्याच्या खेकड्यांत तरंगणारी डिंभावस्थाच नसते. अंड्यातून थेट चिमुकला खेकडा बाहेर पडतो आणि काही काळ आईच्या पोटाखालीच राहतो. पावसाळ्यात ओढ्याकाठी एखादी मादी मिळाली आणि तिच्या पोटाचे झाकण हलकेच उचलले, तर ती पिल्ले मोजता येतील इतकी स्पष्ट दिसतात.

जागा, परवानगी आणि गावकऱ्यांचा विश्वास

जागा निवडताना पाच-सहा गोष्टी पाहाव्या लागतात, परंतु त्यातली सर्वांत महत्त्वाची म्हणजे अंधार. जेटीवर रात्रभर जळणारा फ्लडलाइट असेल तर आपल्या अडीच वॅटच्या दिव्याला तेथे काही अर्थ उरत नाही. ओहोटीच्या अखेरीलाही दोन मीटर पाणी राहील, लाटांचा थेट मारा नसेल, नौका सापळ्यावर आदळणार नाहीत आणि पाण्याचा ओघ फार वेगवान नसेल अशी जागा शोधावी. ओघ जोरात असला की डिंभ दिव्याकडे पोहत येऊच शकत नाहीत. खाडीच्या मुखाजवळची, आत कांदळवन असलेली जागा खाडीच्या कुर्लीसाठी सोयीची ठरते. विजयदुर्गची वाघोटण खाडी, देवगडची खाडी, रत्नागिरीजवळची भाट्याची खाडी या कोल्हापूरहून जाणाऱ्यांना आटोक्यातल्या आहेत. मालवण येथे सागरी अभयारण्य 1987 मध्ये घोषित झालेले आहे. त्याच्या हद्दीत काहीही पकडण्यापूर्वी, मग ते मोजून सोडायचे का असेना, वन विभागाची लेखी परवानगी लागते. जेटी ज्यांच्या ताब्यात असेल त्यांची, म्हणजे बहुतेक ठिकाणी महाराष्ट्र सागरी मंडळाची, आणि मत्स्यव्यवसाय विभागाची लेखी संमतीही घ्यावी.

याहून नाजूक बाब गावकऱ्यांची आहे. एलईडी दिव्यांनी मासळी गोळा करून पकडण्यावर केंद्र सरकारने 2017 मध्ये बंदी घातली. किनाऱ्यावरून जाळे ओढणारे रापणकर आणि लहान होड्यांवरचे मच्छीमार या मासेमारीविरुद्ध वर्षानुवर्षे झगडत आहेत. अशा गावात परजिल्ह्यातली चार माणसे रात्री जेटीवरून पाण्यात दिवा सोडताना दिसली, तर संशय येणे साहजिकच आहे. म्हणून दिवा पाण्यात सोडण्याआधी मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत जावे, सापळा उघडून दाखवावा, तो अडीच वॅटचा आहे आणि एलईडी नौकांवर हजारो वॅटचे दिवे असतात हे सांगावे, आणि सकाळी मोजणीला कोणीही येऊन बसावे असे निमंत्रण द्यावे. वडीलधाऱ्या मच्छीमारांना ‘काका, तुमच्या खाडीत कुर्ली कधी दिसते?’ असे विचारले तर पुस्तकात न मिळणारी माहिती मिळते. डब्यावर मराठीत मोठ्या अक्षरांत हेतू, गटाचे नाव आणि परवानगीचा क्रमांक लिहिलेला असावा.

सापळा बांधताना भरती-ओहोटी विसरून चालत नाही. कोकण किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत पाण्याची पातळी दोन मीटरहून अधिक वरखाली होते. आखूड दोरीने खांबाला बांधलेला सापळा ओहोटीला हवेत लटकतो आणि लांब दोरीने सोडलेला तळाच्या चिखलात जातो. यावर उपाय म्हणजे सापळ्याच्या वर बंद प्लॅस्टिकच्या कॅनचा तरंगता आधार आणि खाली दीड-दोन किलोचे वजन बांधून तो स्वतःच पाण्याबरोबर वर-खाली होऊ देणे. जाराचा मध्य पृष्ठभागापासून सुमारे एक मीटर खाली राहील इतके अंतर ठेवावे. वायरीला आणि दोरीला पुरेशी ढील द्यावी, पण ती खांबाभोवती गुंडाळली जाणार नाही याची काळजी घ्यावी. दोन स्वतंत्र दोऱ्या वेगवेगळ्या ठिकाणी बांधाव्यात. तरंगती जेटी उपलब्ध असेल तर हा सगळा खटाटोप वाचतो.

कोणत्या रात्री, किती तास

या प्रश्नाकडे नवशिक्या गटांचे सर्वाधिक दुर्लक्ष होते. अंधाऱ्या रात्री सापळ्याचा दिवा दूरवरून जाणवतो, चांदण्यात तो फिका पडतो. त्यामुळे अमावास्येच्या आसपास पकड अधिक येण्याची शक्यता असते, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण तिथीबरोबर चंद्रप्रकाशच नव्हे, भरतीची वेळही बदलते.

किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करावी. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा वाजता पूर्ण भरती. गावागणिक थोडा फरक पडतो, पण अंदाजाला हा हिशेब पुरतो. आता त्याचा अर्थ पाहा. अमावास्येला संध्याकाळी पाचच्या सुमारास ओहोटी संपते आणि रात्री सव्वाअकरापर्यंत पाणी चढत राहते. अष्टमीला पाणी संध्याकाळी सहाला भरलेले असते, मध्यरात्रीपर्यंत उतरते आणि नंतर पहाटेपर्यंत चढते. एखाद्या गटाने सोयीसाठी रोज रात्री आठ ते अकरा एवढाच वेळ दिवा लावला, तर अमावास्येला त्याला ऐन भरती मिळेल आणि अष्टमीला निव्वळ ओहोटी. मेगालोपा भरतीला वर येतात आणि ओहोटीला तळाशी बसतात हे लक्षात घेतल्यास दोन रात्रींतला फरक चंद्राच्या खाती टाकणे चुकीचे ठरेल. म्हणून दिवा रात्रभर लावावा. रात्री आठ ते पहाटे पाच, असे नऊ तास ऑक्टोबरपासून मेपर्यंत कोणत्याही महिन्यात अंधारात बसतात. वेळ एकदा ठरवली की बदलू नये.

रात्री निवडताना केवळ अमावास्येच्या घेऊ नयेत. दर तिसरी रात्र घेतली तर महिन्यात सर्व तिथी थोड्याफार येऊन जातात आणि बॅटरी भरायलाही अवकाश मिळतो. तेवढे जमत नसेल तर आठवड्यातून दोन ठरलेल्या रात्री, पण हंगामभर त्याच. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांत समुद्राचा जोर, गढूळ पाणी आणि खाडीत उतरणारे गोडे पाणी यांमुळे सापळा टिकत नाही आणि जेटीवर उतरणेही धोक्याचे असते. जून ते सप्टेंबर सापळा काढूनच ठेवावा. पावसाळ्यात डिंभ येत नाहीत असा याचा अर्थ नव्हे. ते आपण मोजलेले नाहीत, एवढेच लिहावे.

सकाळचे काम

उजाडल्यावर लगेच, शक्यतो सूर्य वर येण्याआधी सापळा काढावा. आत लहान मासेही शिरलेले असतात आणि जितका उशीर होईल तितके मेगालोपा त्यांच्या पोटात जातात. जेटीच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असते, म्हणून एकट्याने उतरू नये आणि जीवरक्षक जाकीट घालावे. दोरी सावकाश, न थांबता ओढावी. धसका देऊन ओढले की नरसाळ्यांतून पाण्याबरोबर पकडही उसळते. सापळा वर आल्यावर बाहेरून समुद्राचे गाळलेले पाणी ओतून जाराच्या भिंतीला चिकटलेले जीव बरणीत उतरवावेत, मग बरणी सोडवून पांढऱ्या बादलीत रिकामी करावी.

सर्वप्रथम मासे, कोळंब्या आणि मोठे जीव चमच्याने वेगळे करून सोडून द्यावेत. उरलेले पाणी थोडे थोडे पांढऱ्या उथळ थाळीत घ्यावे. पहिल्या नजरेला थाळीत नुसती वळवळ दिसते. शांत बसून पाहिले की चालींवरून जीव वेगळे होतात: कोपेपॉड व ॲम्फिपॉड हे कोळंबीच्या नात्यातले बारीक जीव; त्यांतले कोपेपॉड अडखळत टुणटुण उडतात, ॲम्फिपॉड कुशीवर पडून गोल फिरतात, झोइया कोलांट्या घेत वर येते आणि खाली पडते. मेगालोपा एका रेषेत थाळीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जातो. पिपेटचे टोक पुढे आले की क्षणभर थबकतो आणि नांग्या पसरतो; दहापट भिंगातून त्याचे काळे देठदार डोळे, काचेसारख्या अंगातून दिसणारे रंगाचे ठिपके आणि पोटाखाली अखंड हलणारे पोहण्याचे पाय दिसतात. संन्यासी खेकड्याचा याच वयाचा डिंभही पोहतो, पण त्याचे अंग लांबट, कोळंबीकडे झुकणारे असते आणि पाठीचे कवच रुंद नसते. त्याचा वेगळा रकाना करावा.

मोजलेला प्रत्येक मेगालोपा रुंद तोंडाच्या पिपेटने दुसऱ्या भांड्यात टाकावा आणि हातातला मोजणीयंत्राचा खटका दाबावा. दोन-तीनशेपर्यंत सरळ मोजावे. त्याहून अधिक असतील तर सर्व पकड दोन लिटर पाण्यात घ्यावी, हाताने आठच्या आकारात ढवळून जीव तळाशी बसण्यापूर्वी शंभर मिलिलिटरचा मापाचा कप भरून घ्यावा, त्यातले मोजावेत आणि ते परत न टाकता असे तीन कप मोजावेत. तिन्हींची सरासरी वीसने गुणली की एकूण अंदाज मिळतो. तीन कपांचे आकडे एकमेकांपासून फारच दूर असतील तर ढवळणे नीट झालेले नाही, असे समजून आणखी दोन कप घ्यावेत. मोजून झाल्यावर सर्व जीव सापळ्यापासून थोड्या अंतरावर, सावलीच्या बाजूला पाण्यात सोडावेत. बादली उन्हात राहू देऊ नये.

वहीत काय लिहावे

तारीख, तिथी, दिवा लागल्याची व विझल्याची वेळ, पृष्ठभागाजवळच्या पाण्याचे तापमान, रिफ्रॅक्टोमीटरने मोजलेली क्षारता, आकाश, वारा, मेगालोपांची संख्या आणि मोजणाऱ्याचे नाव इतके पुरे. खुल्या समुद्राची क्षारता हजारात सुमारे 35 भाग असते. खाडीत ती किती उतरली यावरून गोड्या पाण्याचा अंदाज येतो. संख्या नेहमी प्रकाशाच्या तासांनी भागून लिहावी. समजा नऊ तासांत 63 मेगालोपा आले, तर तासाला सात. एखाद्या रात्री पहाटे दोनलाच दिवा विझला तर भागाकार सहाने करावा आणि शेऱ्यात कारण लिहावे. असा भागाकार केला तरी त्या रात्रीची भरती दिव्याच्या वेळेत आली होती की नाही हे पाहावे लागतेच.

शून्य आणि रिकामी जागा यांत फरक आहे, हे सोबत्याला पहिल्याच दिवशी समजावून सांगावे. दिवा नऊ तास चालला आणि मेगालोपा एकही आला नाही, तर शून्य. दिवा लागलाच नाही, सापळा उलटला किंवा बरणी गळून पडली, तर आडवी रेघ. किनाऱ्यावरची माणसे सौजन्याने शून्य कळवायला संकोचतात, ‘काल काही नव्हतं सर, म्हणून लिहिलं नाही’ असे म्हणतात. वास्तविक वर्षातल्या बहुतेक रात्री शून्याच्या किंवा एक-दोनच्या असतात आणि मग एखाद्या आठवड्यात एकदम लोट येतो. शून्ये गाळली तर त्या लोटाची सुरुवात आणि शेवट दोन्ही हातचे जातात, आणि महिन्याची सरासरी खोटी फुगते. मोबाइलवर आकडा पाठवायला हरकत नाही, पण पेन्सिलीने लिहिलेली वही जेटीवरच्या डब्यात असावीच.

ओळख पटवणे

मेगालोपा खेकड्याचा आहे एवढे सांगणे सोपे, कोणत्या जातीचा हे सांगणे कठीण. सुरुवातीला कुळापर्यंत पोहोचलो तरी खूप झाले. पोहणाऱ्या खेकड्यांच्या, म्हणजे कुर्ली आणि तीन ठिपक्यांचा खेकडा ज्या कुळात येतात त्यांच्या, मेगालोपांचा शेवटचा पाय टोकाशी चपटा झालेला असतो आणि छातीच्या खालच्या बाजूला मागे वळलेले काटे असतात. सूक्ष्मदर्शकाखाली ही लक्षणे दिसतात. वाळूवर पळणाऱ्या खेकड्याचा मेगालोपा आकाराने मोठा, घुमटासारखा फुगीर असतो. प्रत्येक प्रकाराचा मिलिमीटर पट्टीसह फोटो घ्यावा, वरून आणि बाजूने. प्रत्येक वेगळ्या दिसणाऱ्या प्रकाराचे पाच-दहा नमुने 95 टक्के इथेनॉलमध्ये ठेवावेत, म्हणजे पुढे डीएनए तपासणीची सोय राहते. फॉर्मेलिनमध्ये ठेवलेले नमुने त्या कामाला फारसे उपयोगी पडत नाहीत. बाटलीच्या आत पेन्सिलीने लिहिलेली कागदाची चिठ्ठी टाकावी, बाहेरची शाई इथेनॉलने पुसली जाते.

याहून खात्रीचा मार्ग म्हणजे काही मेगालोपा वाढवून पाहणे. ते एकमेकांना खातात, म्हणून प्रत्येकाला वेगळ्या लहान कपात ठेवावे. खाडीचे गाळलेले पाणी कॅनमध्ये भरून कोल्हापूरला आणता येते. घाट चढताना कपांचे झाकण सैल नसावे आणि गाडीत ऊन लागू नये. रोज पाणी बदलावे आणि मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या आर्टेमियाच्या (खाऱ्या पाण्यातल्या एका बारीक जीवाच्या) अंड्यांतून निघालेली पिल्ले खाऊ घालावीत. आठवडा-दहा दिवसांत मेगालोपा कात टाकतो आणि कपात एक चिमुकला, पोट दुमडलेला खेकडा दिसतो. त्यानंतरही दोन-तीन काती टाकू दिल्या तर ओळख बरीच सोपी होते. पकडलेल्या दिवसाचा फोटो आणि या खेकड्याचा फोटो शेजारी ठेवला की पुढच्या मोसमासाठी त्या खाडीचा स्वतःचा चित्रसंग्रह तयार होऊ लागतो.

आकड्यांचा अर्थ लावताना घाई करू नये. एका हंगामाच्या आकड्यांवरून ‘कुर्ली वाढली’ किंवा ‘कुर्ली संपली’ असे विधान करता येत नाही, दोन हंगामांवरूनही नाही. ओरेगनचा चार वर्षांचा हिशेब येथे जसाच्या तसा लावणेही गैर, कारण आपल्या उबदार पाण्यात खाडीची कुर्ली वर्ष-दीड वर्षात प्रौढ होते. आपला हिशेब मांडायचा तर त्याच खाडीत पकडल्या जाणाऱ्या कुर्ल्यांचे आकडे समांतर हवेत, आणि ते सोसायटीकडून किंवा कुर्ली विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याकडून दरमहा घेत राहावे लागतात. किती किलो, हे त्यांच्याकडे असते. किती तास व किती सापळ्यांतून आले, हे विचारून घ्यावे लागते.

मेअखेरीस सापळा काढल्यावर जारावर आणि नरसाळ्यांवर शंखकीटकांचे कवच व शेवाळ बसलेले असते. हंगामातही दर पंधरवड्याला ते मऊ ब्रशने काढावे लागते, नाहीतर प्रकाश अडतो आणि शेवटच्या महिन्याचे आकडे पहिल्या महिन्याशी जुळत नाहीत. पावसाळ्यासाठी सर्व भाग गोड्या पाण्यात रात्रभर बुडवून, वाळवून, नळीची सीले तपासून ठेवावीत, खिडक्यांची जाळी नवी लावावी आणि बॅटरी पूर्ण भरून दर महिन्याला एकदा पुन्हा चार्जिंगला लावावी.